खऱ्यावर लागलेला दिवा

कारखान्यातून तांब्याच्या तारेची वेटोळी गायब झाली आणि चोर पकडायला साहेबांनी आवाज तपासणारं यंत्र आणलं. खोटं बोलणाऱ्याचा आवाज थरथरतो, यंत्र ती थरथर टिपतं आणि लाल दिवा लावतं, असं विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. तो स्वतः मात्र यंत्रापुढे एक अक्षर बोलला नव्हता. हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

यंत्र चालवायचं काम टेलिफोनवरच्या बाईंच्या गळ्यात पडलं. आधी साधे, खात्रीचे प्रश्न विचारून माणसाचा खरा आवाज यंत्राला ओळखू द्यायचा आणि मग मुद्द्यावर यायचं, अशी त्याची रीत. बाईंनी रात्रपाळीच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला समोर बसवलं आणि त्यातल्या त्यात सोपं म्हणून विचारलं, घरी कोण कोण असतं, काका?

“मी आणि ही. दोघंच.”

लाल दिवा लागला. काकांचा तरणाताठा मुलगा वर्षापूर्वी गेला होता, हे बाईंना तेव्हा आठवलं. त्यांनी जीभ चावली, पण तीर सुटला होता. साहेब खूश. घरच्यांबद्दलही खोटं बोलणारा तारेबद्दल खरं बोलेल होय, म्हणाले आणि पोलिसांना फोन लावायला सांगितला.

बाई मध्ये पडल्या. भ्यालेल्याचा आवाज कापतो, चिडलेल्याचा कापतो, दुःखी माणसाचाही कापतो, त्यातलं कुठलं कापणं खोट्याचं हे यंत्राला कसं कळणार, असं त्यांनी परोपरीने सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांनी माईक स्वतःकडे ओढला. तुम्हालाही ठाऊक असलेली खरी गोष्टच बोलून दाखवते, म्हणाल्या.

“गेल्या महिन्यात माझी आई वारली.”

शेवटच्या शब्दावर आवाज फाटला आणि लाल दिवा लागला. डोळे भरलेले असूनही बाईंना हायसं वाटलं. आता काका सुटणार. आईच्या दिवसांची रजा साहेबांनीच तर दिली होती.

साहेबांनी दिव्याकडे बघितलं. मग बाईंकडे वळले.

“मग ती रजा कशासाठी घेतली होती?”

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. यंत्र अजून चालूच होतं. त्यांनी तोंड मिटलं. त्या गप्प झालेल्या पाहून साहेबांनी पोलिसांचा नंबर स्वतःच फिरवला.