आईच्या पेटीवरची फीत

त्या उन्हाळ्यात गावात शूर माणसांचं पीक आलं होतं. स्पेनमध्ये बास्क झेंड्यावरची सरकारी बंदी उठून सहा-सात महिने झाले होते, आणि ज्याला विचारावं त्याच्या घरात म्हणे चाळीस वर्षं झेंडा लपवलेला होता. पाववाल्याच्या पिठाच्या कोठीत, न्हाव्याच्या आरशामागे, इतकंच काय, पाद्रीबुवांच्या गादीखालीसुद्धा. एवढे झेंडे उशाशी घेऊन गाव इतकं गुपचूप कसं झोपलं, हे बिशेंता कुणाला विचारायला गेली नाही. तिच्या घरात झेंडा नव्हता आणि होता असं तिनं कधी सांगितलंही नाही.

अशात तिचा थोरला भाऊ अंब्रोसियो ब्युनोस आयर्सहून आला. चाळीस वर्षांपूर्वी यादवी युद्ध हरल्यावर विशीतला पोरगा बोटीत बसून पळाला होता. परतला तो दुधाचा मोठा धंदा, सुटलेलं पोट आणि तिकडच्या बास्क लोकांच्या केंद्राचं अध्यक्षपद घेऊन. गावानं त्याला डोक्यावर घेतलं. जत्रेच्या दिवशी नगरपालिकेच्या सज्जातून झेंडा सोडायचा मान त्यालाच दिला. अंब्रोसियो सगळ्यांशी भरभरून बोलायचा. बहिणीच्या घरी उतरला होता, पण तिच्याशी बोलणं ‘मीठ दे’ आणि ‘दार लाव’ एवढंच.

हा अबोला बारा वर्षांचा होता, आई गेली तेव्हापासूनचा.

आई त्या वेळी हिवाळाभर अंथरुणाला खिळून होती. तिचं काही खरं नाही हे कळल्यावर अंब्रोसियोनं एका बोटीवरच्या आचाऱ्याच्या कोटाच्या अस्तरात शिवून एक रेशमी फीत पाठवली. तांबडी, हिरवी, पांढरी, झेंड्याच्याच रंगांची. सोबत तोंडी निरोप: ‘आईच्या शवपेटीवर घाल आणि फोटो काढून पाठव, केंद्राच्या भिंतीवर लावू.’ तिकडे हे रंग मिरवत लोक भर रस्त्यातून वाजतगाजत जात. इकडे ह्याच रंगांपायी बिशेंताचा नवरा बालेन्दीन तुरुंगात फुप्फुसं सडवून नुकताच घरी आला होता, आणि दर शनिवारी पोलीस चौकीत हजेरी लावत होता.

आईनं फीत हातात घेऊन चाचपली. “काय मऊ आहे गं,” म्हणाली. घाल म्हणाली नाही, घालू नको म्हणाली नाही. दोन दिवसांनी गेली.

“घाल पेटीवर,” बालेन्दीन म्हणाला. “न्यायला आले तर येऊ देत. तिथलं घेवड्याचं कालवण तुझ्यापेक्षा बरं असतं.”

बिशेंता हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. तो खांदेकरी गोळा करायला बाहेर पडला, तशी तिनं फीत चुलीत घातली. रेशीम लवकर जळेना. सांडशीनं दाबून दाबून तिनं ती संपवली, हात धुतले आणि जपमाळ म्हणणाऱ्या बायकांत जाऊन बसली.

बालेन्दीन त्या रात्री जेवला नाही. मग पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. भावाला तिनं वर काहीच नसलेल्या पेटीचा फोटो पाठवला. सोबत चार ओळी लिहायची सोय नव्हती, टपाल फोडून वाचलं जायचं. अंब्रोसियोचं उत्तर आलंच नाही.

जत्रेच्या सकाळी ती त्याच्या सदऱ्याला इस्त्री करत होती. अंब्रोसियो डोक्यावरची गोल टोपी उगाच इकडे-तिकडे सरकवत उभा होता.

“बिशेंता, एक विचारू?”

“विचार.”

“ती फीत तू पेटीत ठेवलीस ना? आत, आईच्या हातांखाली? दाराशी शिपाई होते, म्हणून वर घालता आली नाही. हो ना? तिकडे मी सगळ्यांना तसंच सांगत आलोय.”

साठीचा माणूस, पण त्याचे डोळे अगदी पोरासारखे याचना करत होते. एक ‘हो’ म्हटलं की भाऊ परत मिळत होता. कोण उकरून बघणार होतं? अख्खं गाव तर तेच करत होतं. तो ‘हो’ तिच्या ओठांवर आलाही होता.

“जाळली,” ती म्हणाली.

“काय?”

“चुलीत घातली. त्या फितीच्या बदल्यात मला बालेन्दीन अकरा वर्षं मिळाला, अंब्रोसियो. गेल्या वर्षी माझ्या हातांवर गेला. आपल्या अंथरुणात, तुरुंगात नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा जाळीन.”

अंब्रोसियो बाकावर बसला. त्यानं तिचा हात हातात घेतला आणि ढसाढसा रडला. बिशेंताही रडली. बारा वर्षांचं ओझं उतरलं असं तिला वाटलं. खरं सांगितलं होतं, आणि भावानं ते ऐकून घेतलं होतं. तिनं त्याला सदरा घालायला मदत केली, आणि दोघं बरोबरच चौकात गेली.

झेंडा सज्जातून खाली सुटला तेव्हा टाळ्यांनी चौक दणाणला. म्हातारे रडले. अंब्रोसियो बोलायला उभा राहिला.

“मित्रांनो, आम्ही लांब होतो, आम्हाला मिरवणं सोपं होतं. पण त्या काळ्या दिवसांत, दाराशी बंदुका असताना, ह्याच गावातल्या एका बाईनं आपल्या आईच्या शवपेटीत हे तीन रंग ठेवले. ती माझी बहीण आहे. आजवर तिनं कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. ती बघा, खाली उभी आहे.”

सगळा चौक वळला. अंब्रोसियो वरून तिच्याकडे बघत होता, ओल्या डोळ्यांनी, मोठ्या मायेनं, बहिणीला काहीतरी मोलाचं देऊन टाकल्यासारखा.

“अगं मेले, पोटात ठेवलंस होय इतकी वर्षं!” शेजारच्या कोंचेसीनं तिला घट्ट मिठी मारली. बायका पुढे आल्या, तिचे मुके घेऊ लागल्या. कुणीतरी तिचा हात धरून वर उचलला. बासरी आणि ढोल सुरू झाले.

बिशेंतानं बोलायला तोंड उघडलं, पण त्या गलक्यात कोण ऐकणार? भावाच्या भाषणात बालेन्दीनचं नाव कुठेच नव्हतं. त्याची ती अकरा वर्षं, त्याचा खोकला, त्याच्या उशाशी बसून काढलेले दिवस, ह्यातलं काहीच आता घडलेलं नव्हतं.

तिनं मान खाली घातली. लोकांना वाटलं, लाजली.