खांद्याचं माप

बटण काजात शिरत नव्हतं. वरून दुसरं, कडेला बारीक कंगोरा असलेलं तपकिरी बटण – त्यानं अंगठ्यानं ते तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं, जीभ दातांत धरली, तरी काज आपलं घट्टच. आणि मग त्याच्या लक्षात आलं की यात बटणाची चूक नाही, काजाचीही नाही, आजवर आपण नवं काज कधी हाताळलेलंच नाही. एकोणपन्नास वर्षांत त्याच्या अंगावर चढलेल्या एकूण एक शर्टाची काजं दुसऱ्या कुणाच्या तरी अंगठ्यानं सैल करून ठेवलेली होती. दुसऱ्या कुणाच्या म्हणजे दादाच्या. त्या काजांना बटण नुसतं दाखवलं तरी पुरायचं.

“आत गेलं का?” बायकोनं दारातूनच विचारलं. “लग्नाच्या दिवशीसुद्धा इतका वेळ लावला नव्हतात.”

लग्नाच्या दिवशी कोट दादाचा होता, काजं सरावलेली होती... पलंगावर दुसरा शर्ट पडला होता – पांढरा, ताठ कॉलरचा, दादाच्या जुन्या शर्टांच्या मागच्या गाठोड्यातला, वहिनीनं इस्त्री करून पाठवलेला. अंगावर होता तो हिरवा, जुन्या बाटलीसारखा हिरवा, मऊ, बिनकॉलरचा, दोन्ही खिसे खाली कमरेजवळ. शिंप्याकडून आणून आठ दिवस झाले होते आणि आठही दिवस तो कपाटात घडीतच होता, कारण एक दिवस फार गरम वाटला, एक दिवस दुकानात फार गर्दी होणार होती, आणि उरलेल्या दिवसांना काही कारणच सापडलं नव्हतं. आणि आज घालायला काढावा, तर आजच संध्याकाळी दादा दुकानात येणार. त्याचा चष्मा घसरतोय. येताना तो शर्टांचं गाठोडंही आणतोय, असा वहिनीचा फोन कालच आला होता. पांढरा घालावा निमूटपणे. हिरवा काय, उद्या घालता येईल... इतकी वर्षं थांबलो, एक दिवस जड नाही.

“काहीही घाला, पण आठ वाजलेत,” बायको म्हणाली, आणि जाता जाता, त्याच्याकडे न बघताच, “हा बरा दिसतोय पण.”

तेवढ्यात बटण आत गेलं.

त्याचं चष्म्यांचं दुकान घरापासून दहा मिनिटांवर होतं, आणि ती दहा मिनिटं आज चांगलीच लांबली. रस्त्यात कुणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. याचं त्याला आधी हायसं वाटलं आणि मग थोडं वाईट वाटलं. चोवीस वर्षं तो लोकांच्या नाकांवर चष्मे बसवत आला होता. गोल चेहऱ्याला काय, लांब नाकाला काय, कुणाचा डावा कान उजव्यापेक्षा दोन केस वर आहे – सगळं त्याला गिऱ्हाईक दारात उभं राहतानाच कळायचं. खुर्चीत बसवून तो प्रत्येकाला तीच दोन वाक्यं म्हणायचा, “मान सरळ. खांदे सोडा,” आणि मग डोळ्यांपुढे छोटी पट्टी धरून दोन बुबुळांमधलं अंतर घ्यायचा. अर्ध्या वस्तीची बुबुळं त्याला तोंडपाठ होती. स्वतःच्या शर्टाचं माप मात्र कुणी विचारलं की तो बेचाळीस सांगायचा. ते दादाचं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

पण यात दुःख होतं असं कुणी समजू नये. दादाचे शर्ट घालायचे, यात लहानपणी त्याला केवढी ऐट वाटायची... वडील गेले तेव्हा दादा सतरा वर्षांचा होता. वडिलांचा कोट अंगात घालून तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लागला, घरोघरी जाऊन मीटर वाचायला, आणि गेल्या वर्षी निवृत्त झाला तेव्हा तीच कचेरी त्याच्या शब्दावर चालत होती. मधल्या वर्षांत त्यानं आईचं आजारपण काढलं, धाकट्याला शिकवलं, दुकान घालून दिलं, आणि यातलं एक अक्षर कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. उंच माणूस, मान वर, पांढरा शर्ट किंवा बारीक निळ्या रेघेचा, छातीच्या खिशाला पेन. अशा माणसाचा शर्ट वर्षभरानं आपल्या अंगावर यायचा म्हणजे त्या माणसाचं काहीतरी आपल्यात उतरणार असं वाटायचं. घरात वर्षाला एकच नवा शर्ट परवडायचा आणि तो बाहेर जाणाऱ्याला, हे उघड होतं. पुढे परवडायला लागलं, पण तोवर अंगवळणी पडलं होतं. आणि दादा कापड घ्यायचा तोच मुळी दोघांच्या हिशेबानं – दुकानदारासमोर कापड दोन बोटांत धरून चोळायचा, उजेडात ताणून बघायचा आणि म्हणायचा, “टिकायला हवं. पुढे याला घालायचाय.” असं प्रेम किती जणांच्या वाट्याला येतं? माझ्या आलं. मग तक्रार कुणाची करू, कशाची करू...

तक्रार नव्हतीच. एका बाईंनी घोळ केला.

सहा महिन्यांपूर्वी दुकानात एक म्हाताऱ्या बाई आल्या, गाणं शिकवणाऱ्या. त्यानं नेहमीच्या सफाईनं तीन फ्रेमी काढून समोर ठेवल्या; तिन्ही त्यांच्या चेहऱ्याला शोभतील अशाच होत्या. बाईंनी एकेक घातली, आरशात पाहिली आणि काढून ठेवली. “शोभते हो,” त्या म्हणाल्या, “पण शोभणारीला काय करायचंय? माझी कुठली ते बघू.” मग त्या एकेक फ्रेम डोळे मिटून घालू लागल्या. घालायच्या, मान हलवायच्या, एक तान घ्यायच्या, स्वतःशीच हसायच्या. चार वेळा आल्या. इतका वेळ खाणारं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं, आणि चौथ्या वेळी त्यांनी जी फ्रेम निवडली ती त्यानं कधीही काढून दाखवली नसती – जाड, काळी, जरा बोजडच – आणि ती घालून त्या दारातून बाहेर पडल्या तेव्हा त्याला कळलं की आपण चोवीस वर्षांत एवढा अचूक चष्मा कुणाच्याच नाकावर बसवलेला नाही. त्या दिवशी दुकान बंद करताना त्यानं आरशात बघून डोळे मिटले. मला काय आवडतं? डोळ्यांपुढे दादाच्या शर्टाची निळी बारीक रेघ आली, आणि ती आपली नव्हती.

त्यानंतर त्यानं एक चाळा सुरू केला. नंबर लिहायच्या कोऱ्या चिठ्ठ्यांवर तो लोकांचे कपडे टिपून ठेवायला लागला. चोरूनच, ड्रॉवरच्या खालच्या कप्प्यात. ‘पोस्टमन – बाही कोपराच्या जरा वर, हात मोकळा.’ ‘भाजीवाली – हिरवा, धुऊन धुऊन मऊ.’ ‘सुतार – खिसे खाली, वाकला तरी पेन्सिल पडत नाही.’ ‘दाताचे डॉक्टर – कॉलर नाही, गळा सुटसुटीत.’ आधी तो नुसतं टिपत होता, मग त्याला एकेकाचं कौतुक वाटायला लागलं... किती माणसं किती शहाणपणानं कपडे घालतात, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. सुताराला कुणी शिकवलं असेल? कुणी नाही. त्याची पेन्सिल चारदा पडली असेल आणि पाचव्यांदा त्यानं खिसा खाली घेतला असेल. माझा स्क्रू पिळायचा पेचकस तर चोवीस वर्षं पडतो आहे. दादाचं काम मान वर करून करायचं, त्याचा खिसा छातीला. माझं काम मान खाली घालून... आणि मी दर वेळी निमूट वाकून तो उचलत आलो.

चिठ्ठ्या चाळीस झाल्या तेव्हा तो त्या घेऊन शिंप्याकडे गेला. शिंपी गल्लीच्या टोकाला बसायचा, सगळे त्याला मास्तर म्हणत, आणि मास्तरांच्या नाकावरचा चष्मा यानंच दिलेला होता. मास्तरांनी चाळीसच्या चाळीस चिठ्ठ्या वाचल्या, पत्ते लावावेत तशा टेबलावर मांडल्या.

“हे सगळं एका अंगावर चढवलंत तर सोंग दिसेल,” मास्तर म्हणाले. “पण हे बघा. ‘मऊ’ तुम्ही किती वेळा लिहिलंय. आणि ‘मोकळा’. झालं की. आता उभे राहा.”

तो उभा राहिला. मास्तरांनी टेप खांद्यावर लावली, काढली, पुन्हा लावली.

“खांदे सोडा.”

“सोडलेत.”

“नाही. अजून.”

त्यानं श्वास सोडला. मास्तरांनी त्याच्या दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवले, दाबले नाहीत, नुसते ठेवले. “अजून. हे तुमचं उभं राहणं नव्हे. सावकाश. मला घाई नाही.” आणि मग त्याचे खांदे खाली आले – थोडे, आणखी थोडे, आणि वाटलं होतं त्याहून कितीतरी खाली – आणि मानेच्या मागे कुठेतरी एवढं दुखलं की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दादाच्या शर्टाची खांद्यावरची शिवण दंडावर ओघळू नये म्हणून नऊ-दहा वर्षांचा असताना त्यानं खांदे वर उचलले होते. ते खाली ठेवायचं राहूनच गेलं होतं. उसनं अवसान म्हणतात ते दिवसभराचं असतं. त्याचं चाळीस वर्षं चाललं. मास्तरांनी माप वहीत लिहिलं, त्याला वाचून दाखवलं नाही, रुमालही दिला नाही. कारागीर मोठा होता.

...आजची दुपार तशी बरी गेली. शर्ट अंगावर रुळला. तो चारदा वाकला, पेचकस एकदाही पडला नाही, आणि प्रत्येक वेळी हात जाऊन सापडायचा तो बरोबर खाली कमरेशी. एका पोरीनं फ्रेम बघता बघता म्हटलं, “काका, असाच रंग दाखवा ना, तुमच्या शर्टाचा.” तो इतका गोंधळला की त्यानं तिला लाल फ्रेम काढून दिली. पण पाच वाजले तसा त्याचा जीव टांगणीला लागला. दादा बोलणार काहीच नाही, हे माहीत होतं. तेच अवघड होतं. बोलणाऱ्याला उत्तर देता येतं. दादा नुसता बघेल आणि त्याला वाटेल, मी दिलेलं याला कधी पुरलंच नाही. शर्टांचं काय, शर्ट परत करता येतात. त्यांच्याबरोबर आलेलं कुठल्या तोंडानं परत करू? पांढरा शर्ट घरून आणवून घ्यावा, मागच्या खोलीत बदलावा... फोन हातात घेतला होता.

दारातली घंटी वाजली. दादा आत आला, उंच, मान वर, हातात गाठोडं. गाठोडं त्यानं काउंटरवर ठेवलं आणि धाकट्याकडे पाहिलं.

“हा कुणाचा?” त्यानं विचारलं. प्रश्न साधाच होता. याच्या अंगावरच्या शर्टाबद्दल दुसरा प्रश्न आजवर पडलाच नव्हता कुणाला.

“माझा,” तो म्हणाला. आवाज जरा बारीक आला. “शिवून घेतला.”

दादानं हात पुढे केला, शर्टाचा काठ दोन बोटांत धरला आणि चोळला. उजेडाकडे थोडा ताणला. बराच वेळ.

“कापड बरंय,” तो म्हणाला. “टिकेल.” आणि मग, “खिसे खाली का रे?”

“वाकलं की वरच्यातलं पडतं.”

“मग इतकी वर्षं?”

“पडायचं. उचलायचो.”

 काठ सोडून दादा खुर्चीत जाऊन बसला, चष्मा काढून त्यानं याच्या हातात दिला, आणि चष्म्याशिवायचा त्याचा चेहरा एकाएकी लहान दिसला. गेल्या वर्षात तो वाळला होता. काड्या सैल झाल्या होत्या त्या म्हणूनच. धाकट्यानं काड्या गरम करून आत वळवल्या, नाकावरचे पॅड जवळ घेतले, हातात पट्टी घेतली आणि रोज शंभर वेळा म्हणायचा तेच सवयीनं म्हणाला, “मान सरळ. खांदे सोडा.”

आणि मग त्याचं लक्ष आरशात गेलं. पांढऱ्या शर्टाची शिवण दादाच्या खांद्यावरून ओघळत होती, आणि ती ओघळू नये म्हणून दादाचे खांदे वर उचललेले होते. आजच नव्हे. आत्ता शर्ट सैल झाला म्हणून दिसलं एवढंच. खांदे होते तिथेच होते, जसे कायम असायचे, ज्याला सगळे दादाचा रुबाब म्हणत आले, आणि जो आपल्यात उतरावा म्हणून यानं जिवाचा आटापिटा केला... सतरा वर्षांचा मुलगा, वडिलांचा कोट. बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. तो कोट दादाला कुणी दिला? कुणीच नाही, खुंटीवर होता. आणि आपण एवढी वर्षं समजत होतो की घरात नवं घालणारा एक होता आणि जुनं घालणारा एक.

“सोडलेत की,” दादा म्हणाला.

“नाही,” तो म्हणाला. दादाला नाही म्हणायची ही पहिली वेळ होती, आणि ती त्याला कळायच्या आत होऊनही गेली होती. “अजून.”

गाठोडं काउंटरवर तसंच होतं. त्याचं काय करायचं ते त्याला अजून माहीत नव्हतं. त्यानं पट्टी बाजूला ठेवली आणि दोन्ही तळवे दादाच्या खांद्यांवर ठेवले. दाबले नाहीत. आत हाडं होती, आणि हाडांच्या वर काहीतरी ताठ, बेचाळीस वर्षांचं. आपले स्वतःचे खांदे कुठे आहेत ते त्यानं आरशात पाहिलं. खाली होते. कधी आले ते कळलं नव्हतं.

“सावकाश, दादा,” तो म्हणाला. “मला घाई नाही.”