खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

चाकणच्या त्या कारखान्यात ब्रेकच्या पिना बनतात. प्रत्येक पिनेचं माप संगणकात नोंदवतात. नोंद नसेल तर माल गेटबाहेर जात नाही.

नोंदी ठेवणारा प्रोग्राम पूर्वी मोठा हट्टी होता. नव्या संगणकावर बसवायचा तर आठवडा मोडायचा. कधी हे चालायचं नाही, कधी ते सापडायचं नाही. जूनमध्ये कंपनीतल्या भाग्यश्रीने तो कंटेनरमध्ये घातला, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकाच गाठोड्यात बांधलं. तळेगावच्या युनिटमध्ये ते गाठोडं दहा मिनिटांत चालू झालं. सगळे खूश.

मग खंडेनवमी आली. तपासणी विभागाच्या सयाजीकाकांनी दरवर्षीप्रमाणे सगळी मशिनं थांबवली, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि हा प्रोग्राम ज्यावर चालतो तो सर्व्हरही बंद केला. "वर्सातनं एक दिस अवजाराला इसावा. त्यालाच कशाला वगळायचं?"

दसरा झाल्यावर सकाळी त्यांनी सर्व्हर सुरू केला. पडद्यावर आलं: एकूण नोंदी, शून्य.

दुपारी गिऱ्हाइकाचा तपासनीस येणार होता. प्लँटच्या प्रमुख विजयश्री मॅडम कानाला फोन लावून उभ्या होत्या. "काका, हा फोनवरचा कॉम्प्युटरवाला म्हणतोय, जुनं सगळं पुसा आणि प्रोग्राम नव्याने टाका."

"पुसतो, मॅडम. माझ्या हातनंच झालंय समदं."

तेवढ्यात डोक्यावरचं हेल्मेटही न काढता भाग्यश्री आत धावली. "काका, हात काढा! काही पुसू नका!"

ती खुर्चीत बसली. पाचेक मिनिटं शोधाशोध केली आणि मग मागे टेकली.

"चूक माझी आहे, काका. भाड्याच्या खोलीत आपण भिंतीवर फोन नंबर लिहितो ना, तशा या नोंदी कंटेनरच्या आतच लिहिल्या जात होत्या. आणि सर्व्हर सुरू झाला की नवा कंटेनर उघड, असं मीच सांगून ठेवलंय. चार महिने तो बंदच झाला नाही, म्हणून कळलं नाही. आज त्याने नवी खोली उघडली. भिंत कोरी."

"आन् जुनी खोली?"

"आहे ना. नुसतं कुलूप आहे. चुना नाही लागलेला अजून."

"आगं, म्या आत्ता चुनाच लावत व्हतो की!"

जुना कंटेनर उघडला. चार महिन्यांची मापं जशीच्या तशी होती.

"मग हे कंटेनरचं खूळ सोडून देऊ या का?" मॅडमनी विचारलं.

"नको, मॅडम. पुन्हा तो आठवडा मोडेल. कंटेनर कधीही मोडावा, नवा उघडावा, त्यातच त्याचा फायदा आहे. फक्त जपायचं ते त्याच्या आत ठेवायचं नाही."

तिने सगळ्या नोंदी कंटेनरबाहेर वेगळ्या जागी ठेवल्या आणि प्रोग्रामला तिथेच लिहायला लावलं.

"काका, आता करा बंद."

"न्हाई गं बाई!"

"करा हो. तपासनीस यायच्या आधी आपणच बघू."

काकांनी डोळे मिटून बटण दाबलं. सर्व्हर बंद झाला, पुन्हा सुरू झाला. नोंदी एकाहत्तर हजार दोनशे आठ. काकांनी आकडा मोठ्याने वाचला, मग मॅडमना वाचायला लावला.

"पुन्यांदा करून बघू?" म्हणत त्यांचा हात बटणाकडे गेलासुद्धा.

"अहो काका," भाग्यश्री हसत सुटली, "आधी चहा तरी येऊ द्या!"