खळ, राख आणि पुन्हा खळ

मित्रांनो, एका पत्राला कित्येक दिवस उत्तर गेलं नव्हतं. ते माझ्याच बुडाखाली पडून होतं. मी एक जुना, काठाशी टवका उडालेला चिनी मातीचा वाडगा आहे. मला बोलायची सवय नाही, सांभाळून घ्या.

मला एका बुकबाइंडरने आणलं. मैद्याची खळ शिजायची, ती मी पोटात धरायचो. त्याची बायको छापील कागद दुमडून शिवायची, तो पुठ्ठ्याला खळ लावायचा. "वाडगा कसला, आपला तिसरा कामगार आहे हा," ती म्हणायची आणि मी मनातल्या मनात लाजायचो.

एकदा कामाच्या नादात त्याने सिगारेटची राख माझ्यात झटकली. कवितांच्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर करडे ठिपके उठले. "कवीने न दिलेले पूर्णविराम तुम्ही दिलेत," ती हसली. खळीसाठी नवा डबा आला. मी राखेचा झालो.

खरं सांगू? आधी मला ते आवडलं. धुराच्या रेघा वर जायच्या, वळायच्या, अक्षरांसारख्या होऊन विरायच्या. वाटायचं, माझ्यातूनही एखादं पुस्तक निघतंय. तळाशी काय साचतंय, तिकडे माझं लक्षच नव्हतं.

"खिडकीत उभा राहून ओढतो ना मी?" तो म्हणायचा.

"धूर काय मला विचारून आत येतो?" ती सुईत दोरा ओवायची आणि खोकायची.

मग ते पत्र आलं. त्याची धाकटी बहीण नर्स होती. त्याने मोठ्याने वाचलं: 'दादा, फोनवर वहिनीचा खोकला ऐकला. तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर डॉक्टरला दाखवायलाच हवं. धूर शेजारच्यालाही बाधतो. दोघं तपासून घ्या आणि मला कळव.'

"हिला जिकडेतिकडे पेशंटच दिसतात," म्हणत त्याने पत्र माझ्याखाली सारलं.

एका दुपारी खोकताना तिच्या रुमालावर लाल ठिपका उमटला. त्याने हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाला, "चल."

"एवढं शिवून होऊ दे."

"राहू दे गं. पुस्तक थांबेल."

तपासण्या झाल्या. त्याची छाती स्वच्छ निघाली. तिच्या फुप्फुसात लहानशी गाठ होती, कर्करोगाची. तिने आयुष्यात सिगारेट हातात धरली नव्हती.

"माझ्या धुरानेच का, विचारलं मी," घरी आल्यावर तो म्हणाला. "डॉक्टरांना नक्की सांगता येईना."

"ऑपरेशन करता येईल, असंही म्हणाले ते. तेवढं लक्षात ठेवा."

त्याने मला घासून घासून धुतलं. तळाशी करडी सावली राहिलीच. मग त्याने माझ्यात पुन्हा खळ ओतली.

मित्रांनो, मी साधा वाडगा, मी काय शिकवणार? पण घरात कुणी ओढत असेल तर त्याचा हात धरा. खोकला रेंगाळला, थुंकीत रक्त दिसलं, तर पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. माझ्यातली राख ओतून टाकता आली. छातीत वाडगा नसतो.

संध्याकाळी माझ्याखालचं बहिणीचं पत्र काढून त्याने उत्तर लिहायला घेतलं. 'चिमे, तुझं खरं निघालं. वहिनीचं ऑपरेशन ठरलंय. मी ओढणं सोडलंय. ये.'

"'ये'खाली रेघ मारा," ती म्हणाली.

त्याने रेघ मारली. माझ्यातली बोटभर खळ घेऊन पाकीट चिकटवलं आणि तो रस्त्यापलीकडच्या टपालपेटीकडे गेला. पत्र आत पडल्याचा बारीक आवाज मला ऐकू आला. भासही असेल. पण तो रिकाम्या हातांनी परतला, आणि माझ्या बुडाखाली आता काहीच नव्हतं.