ऐंशी ते दीडशेमधले बाबा

बुद्धभूषणच्या आईची मागणी साधी होती. नामदेवरावांच्या पहिल्या स्मृतिदिनाला त्यांचा आवाज फोटोतून आला पाहिजे.

"फोनमधून नको," विमलाबाई म्हणाल्या. "फोनमध्ये ते डबीत बसल्यासारखे वाटतात. खोलीत आल्यासारखे वाटले पाहिजेत."

नामदेवराव बस डेपोत हजेरी घ्यायचे आणि घरातही हजेरी घेतल्यासारखंच बोलायचे. हैदराबादेतल्या निम्म्या चिक्कडपल्लीला त्यांच्या घरात भाजी कोणती आहे हे रोज कळायचं. अशा माणसाचा आवाज रेकॉर्ड करून ठेवावा, हे कुणाला सुचणार? धबधब्याशेजारी राहणारा माणूस पाण्याचे हंडे भरून ठेवत नाही. ते गेल्यावर सगळ्यांचे फोन उपसले, तेव्हा एकच व्हॉइस मेसेज सापडला: "भूषण, मी निघालो. वांगी घेतलीत. आईला सांग, मसाला वाटून ठेव म्हणावं. आणि बेसिनचा नळ ठिबकतोय, घट्ट बंद कर." मागे राहिलेला ऐवज एवढाच.

गौलीगुड्यात गौतमचं साउंडचं दुकान होतं. भूषणने त्याच्याकडून नारळाएवढे दोन स्पीकर आणले आणि एक सबवूफर, म्हणजे जाड आवाजाचा मोठा स्पीकर, दिसायला स्टुलासारखा. स्पीकर फोटोच्या दोन्ही बाजूंना बसले. सबवूफर फोटोखाली ठेवला, तर खालच्या मजल्यावरचे मुकुंदराव वर आले.

"बाबू, मेरा मंचम हल रहा," ते म्हणाले. तेलुगूत मंचम म्हणजे पलंग. मुकुंदराव भांडायला आले नव्हते. त्यांना आधी भूकंप वाटला होता आणि मग थोडी निराशा झाली होती, इतकंच. पण पलंग हलत होता हे खरं. दुसऱ्या कोपऱ्यात फ्रीज होता, तिसऱ्यात कपाट. शेवटी सबवूफर गेला चौथ्या कोपऱ्यात, बेसिनखाली. वरचा नळ अजून ठिबकत होता आणि बेसिनचा पाइप गळत होता, म्हणून त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी घातली.

आणि नामदेवराव बेसिनखालून बोलायला लागले.

"हे तिथं काय करतायत?" विमलाबाईंनी विचारलं.

भूषणने गौतमला फोन लावला.

"कट कितीवर ठेवला?" गौतम म्हणाला.

"दीडशे हर्ट्झ."

"तरीच. भई, कट म्हणजे वाटणी. त्याच्या वरचा बारीक आवाज छोट्या स्पीकरना, खालचा जाड मोठ्याला. ऐंशीच्या खालचा आवाज कुठून येतो ते कानाला कळत नाही. दीडशेपर्यंत चढवला की मोठा बोलायला लागतो, आणि मग माणूस तिकडंच बघतो. ऐंशीवर आण."

"बाबांना ऐंशीवर कापू?"

"हौ. आणि उतार चोवीसचा दे. बारा नक्को. बारानं हळूहळू उतरतो, वरचा आवाज मोठ्यात सांडत राहतो. चोवीसनं कड्यावरून पडल्यासारखा सरळ खाली."

"म्हणजे बाबांना ऐंशीवर कापायचं आणि चोवीसचा उतार द्यायचा."

पाठीमागे त्रिवेणी आत्या उभी होती. नामदेवरावांची थोरली बहीण, स्मृतिदिनासाठी नांदेडहून आलेली. तिने हातातलं ताट खाली ठेवलं.

"कशाचा उतारा?"

"उतारा नाही आत्या, उतार. आवाजाचा."

"बाराचा नाही नि चोवीसचा नाही. लिंबू-मिरच्या ओवाळायच्या नाहीत आपल्यात. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. माझा भाऊ जन्मात कुठं उतारा टाकायला गेला नाही, आणि तो मेल्यावर तू त्याला कापून उतारा देतोस?"

भूषणने तिला सबवूफर दाखवला. बेसिनखाली, कोपऱ्यात, पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी. ते बघून आत्याची खात्रीच पटली.

तिची समजूत घालणं विमलाबाईंवर सोपवून त्याने कट ऐंशीवर आणला, उतार चोवीस केला. आवाज फोटोतून आला. अगदी फोटोतून. विमलाबाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि उघडले.

"कोण आहे हा?"

"बाबा."

"ह्यांचा धाकटा भाऊ असल्यासारखा वाटतो. सर्दी झालेला."

गौतम म्हणाला, बरोबर आहे. छोटे स्पीकर दीडशेच्या खाली उतरत नाहीत आणि मोठ्याला आता आपण ऐंशीच्या वर चढू देत नाही. मधलं कुणाच्याच वाट्याला येत नाही. आणि नामदेवराव, त्यांची छाती, त्यांची हजेरी, त्यांचा दरारा, सगळं नेमकं त्या मधल्या टापूत राहत होतं.

भूषणने मधला मार्ग शोधला. तो त्याच्या धर्मातच होता. कट एकशेवीस, उतार बारा. नामदेवराव अर्धे फोटोतून आणि अर्धे बेसिनखालून बोलले, वांगी इकडून आणि मसाला तिकडून. विमलाबाई आधी इकडे बघायच्या, मग तिकडे. शेवटी म्हणाल्या, "मान दुखली."

"मोठे स्पीकर लागतील," गौतम म्हणाला.

"कधी मिळतील?"

"परसों."

हैदराबादेत परसों म्हणजे आयुष्यातला कुठलाही दिवस.

स्मृतिदिन उजाडला. पाहुणे दाटीवाटीने बसले. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, पुण्यानुमोदन झालं. नीळ दिलेल्या पांढऱ्या साडीत विमलाबाई फोटोसमोर बसल्या आणि त्यांनी मुलाकडे पाहिलं. भूषणचा हात कटच्या बटणावर होता. ऐंशीवर ठेवलं तर बाबा जागेवर असतील पण बाबा नसतील. दीडशेवर ठेवलं तर बाबा असतील पण बेसिनखाली असतील. दोन्हींसाठी त्याला लोकांची माफी मागावी लागणार होती. त्याने डोळे मिटून बटण दीडशेवर नेलं आणि मेसेज लावला.

"भूषण, मी निघालो."

सगळ्या माना बेसिनकडे वळल्या. भंतेजींचीसुद्धा. आत्या पुटपुटली, "दाढी करतोय जणू." कुणी हसलं नाही, कारण ते खरंच तिथूनच बोलायचे. रोज सकाळी, तोंडाला फेस, पाठ सगळ्यांकडे, आणि घरादाराची हजेरी. भूषणला हे आठवलं नव्हतं. त्याने आठवडाभर त्यांना तिथून हलवण्याची खटपट केली होती.

वांगी झाली. मसाला झाला.

"आणि बेसिनचा नळ ठिबकतोय, घट्ट बंद कर," बेसिन म्हणालं.

विमलाबाई उठल्या. पाहुण्यांच्या गुडघ्यांमधून वाट काढत गेल्या आणि नळ पिळला. दोन्ही हातांनी. मग सगळे ऐकत राहिले. पिशवीवर थेंब पडला. थोड्या वेळाने आणखी एक.

पाहुणे जेवून गेल्यावर गौतमचा फोन आला. "शेवटी कितीवर ठेवलं?"

"दीडशे."

"आवाज कुठून येतो?"

"बेसिनखालून."

"मग चूकच की रे ते."

"हौ," भूषण म्हणाला. "पण आता आई बटणाला हात लावू देत नाहीये."

आतून पुन्हा नामदेवराव निघाले, पुन्हा वांगी घेतली. विमलाबाई मेसेज स्वतः लावायला शिकल्या होत्या. नळाचं वाक्य संपलं, आणि त्यांचा आवाज आला, थोडा वैतागलेला:

"बंदच केलाय हो. तरी ठिबकतो, मी काय करू?"