बंदरावरचा कर्णा आणि साहेबांचे गुळगुळीत शब्द

मी एक जुना कर्णा आहे. पत्र्याचा, सदा तोंड वासलेला, बंदराच्या कचेरीबाहेर खांबावर टांगलेला. मित्रांनो, कारखान्यात मला ठोकून-ठोकून घडवलं ते एकाच कामासाठी. हवेचा अंदाज होड्यांपर्यंत पोचवायचा.

पहिले साहेब जुने खलाशी. "उद्या वारा पिसाळणार. होड्या बांधून ठेवा," एवढंच बोलायचे. कधी चुकायचेही, मग सकाळी स्वतःच तसं कबूल करायचे.

त्यांच्या जागी नवे साहेब आले. त्यांनी टेबलाच्या काचेखाली इंग्रजी शब्दांच्या तयार जोड्या लावून ठेवल्या. 'हायली लाइकली', 'रिमोट पॉसिबिलिटी', 'इन द फोरसीएबल फ्यूचर'. रोज त्यातली एखादी उचलायची आणि माझ्या घशात कोंबायची. नोकरी अंदाज सांगायची, आणि धास्ती कसली, तर अंदाज चुकण्याची! असला भित्रा माणूस आणि त्याचा एवढा तोरा, मला तर किळस यायची.

एका दुपारी वायरलेसवर वादळाची खबर आली. साहेबांनी घसा खाकरला. "अ स्टॉर्म कॅनॉट बी रूल्ड आउट."

खालून एका म्हाताऱ्या होडीवाल्यानं विचारलं, "म्हणजे काय, साहेब? जायचं की नाही?"

"सांगितलंय ना! तुम्हाला इंग्रजी कळत नाही, हा काय माझा दोष?" असं म्हणून साहेब चहाला निघून गेले.

तीन होड्या सुटल्या. त्यातल्या एकीवर कचेरीतल्या टायपिस्टबाईंचा धाकटा भाऊ होता. बाईंनी धावत येऊन माइक ओढला. "वादळ येतंय! सगळे मागे फिरा! अरे बाळा, फिरव ती होडी!"

भावाची होडी वळली. तिच्यामागोमाग दुसरीही वळली. म्हातारा मात्र फार पुढे गेला होता. इंजिनाच्या धडधडीत माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. तो परत आला नाही.

चौकशी झाली. साहेबांनी ऐटीत घोषणेच्या नोंदीचा कागद पुढे केला. "वादळाची शक्यता नाकारता येत नाही, असं मी बोललो होतोच की!" सुटले. वर बढतीही मिळाली. बाईंच्या हाती मेमो पडला : परवानगीशिवाय माइक का घेतला?

बाईंनी खाली एकच ओळ टाइप केली. "माणसं पाण्यात होती. पुन्हा घेईन."

मित्रांनो, माझा रंग उडालाय, तो खुशाल उडू द्या. फक्त माझ्यापाशी याल तेव्हा कळेल असं बोला. अंदाज चुकला तर लोक शिव्या देतील. पण शिव्या द्यायला ते घरी तरी आलेले असतील.