चार बोटं

माणसाचं चारित्र्य त्याच्या कमरेत असतं, असं कृष्णकली भौमिकचं ठाम मत होतं. आगरतळ्यातल्या त्या जिम्नॅस्टिक्स हॉलमध्ये पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक मुलीला ते ऐकावंच लागे. तिची स्वतःची कंबर मात्र गेली सहा वर्षं पट्ट्यात होती.

"दिवे! पियासी, उजवा दिवा कुठं चालला?"

आठ वर्षांच्या पियासी देबनाथने ओठ घट्ट मिटून कंबर परत सरळ केली. कमरेची पुढची दोन हाडं म्हणजे गाडीचे दोन दिवे. स्प्लिट करताना एक पाय पुढे गेला, एक मागे गेला, तरी दोन्ही दिवे समोर रस्त्यावर पाहिजेत. मागचा गुडघा जमिनीकडे बघत असला पाहिजे. एक दिवा बाजूला वळवला की मांडी लगेच खाली टेकते, बघणारे टाळ्या वाजवतात. कलीच्या लेखी ती उघड उघड चोरी होती.

पियासी चोरी करत नव्हती. म्हणून ती दोन वर्षं हाताखाली विटा घेऊन जमिनीच्या चार बोटं वर लटकत होती.

क्रीडाशाळेच्या निवडीला अर्धा तास उरला होता. कली दारापर्यंत गेली, परत आली, पाणी प्यायली, पियासीची वेणी सोडून पुन्हा बांधली. पुन्हा दारापर्यंत गेली. हॉलच्या दुसऱ्या टोकाला प्रबीर नंदीच्या नऊ मुली वाळत घातलेल्या रबराच्या लाद्यांसारख्या जमिनीला चिकटल्या होत्या. प्रबीर शिट्टी बोटाभोवती फिरवत इकडे आला.

"काय कली-दी, अजून चार बोटंच?"

"गेल्या वर्षी सात होती."

"वा! म्हणजे लग्नापर्यंत टेकेल पोरगी."

"तुझ्या कुठं टेकल्यात? सांडल्यात नुसत्या."

"सांडू देत. गेल्या वर्षी निवडीच्या साहेबांनी मांडीखालून पेपर सरकवून बघितला, आठवतंय ना? ज्यांच्या खालून आरपार गेला त्या घरी. सांडलेल्या सगळ्या होस्टेलात."

"आणि त्यातल्या दोघी कंबर धरून परत आल्या."

"आल्या ना परत. पण जाऊन आल्या," प्रबीर म्हणाला आणि शिट्टी वाजवत गेला.

कली बाहेरच्या व्हरांड्यात आली, तर तिथे पियासीची आई शिउली मुढीचा, कुरमुऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसलेली. पहाटेच रबराच्या बागेतल्या झाडांना चिरा पाडायचं काम उरकून पहिल्या बसने आली होती. बोटांना चीक तसाच होता.

"दिदिमणी, बसा ना जरा. मघापासून बघतेय, तुम्हीच स्पर्धेत उतरल्यासारख्या फिरताय."

"बसलं की कंबर धरते."

"होस्टेलात रोज दोन अंडी देतात म्हणे," शिउली डब्याच्या झाकणाकडे बघत म्हणाली. "शाळा तिथंच. आजारी पडलं तर डॉक्टर. मी काही म्हणत नाही हं, तुमचं शिकवणं मला काय कळतंय? पण पुढच्या वर्षी ती नऊची होईल. नऊच्या घेत नाहीत."

कली व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली. तिथून परत आली. एकवीस वर्षांत तिच्या चाळीस मुली तरी या निवडीला बसल्या असतील; दोन घेतल्या होत्या. बाकीच्या सरळ कमरेने घरी गेल्या. त्यांतली एक आता बँकेत होती, खुर्चीत फार सुंदर बसत असे.

"पियासी!" तिने हाक मारली. "इकडं ये. चटई घेऊन ये."

मुलगी आली, पाय ताणून चार बोटांवर थांबली.

"आता उजवा दिवा सोड."

"सोडू?"

"बाजूला वळव. मागचा गुडघा भिंतीकडे बघू दे."

पियासीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "पण दिदिमणी, तसं तर चूक आहे."

"माहितीय मला काय आहे ते. मीच शिकवलंय."

"मग?"

"मग आज मी सांगते तसं कर."

दोन वर्षं ज्या हातांनी ती कंबर सरळ धरली होती, त्याच हातांनी कलीने ती बाजूला वळवली. जमेना. मुलीला चूक करताच येत नव्हती. कंबर सुटायची आणि लगेच आपणहून जागेवर यायची. कली घामाघूम झाली. "अगं, प्रबीर-दाच्या मुलींसारखी कर! आळशासारखी! झोपाळ्यावर बसल्यासारखी!"

सहाव्या खेपेला मांडी चटईला लागली.

"टेकली!" पियासी किंचाळली. "मा, बघ, टेकली! सगळी टेकली!" पहिल्यांदाच जमीन सापडल्यासारखी ती दोन्ही हातांनी चटई थापटत होती.

शिउलीने पदराने डोळे पुसले. मग हसत, अगदी भोळेपणाने म्हणाली, "एवढं सोपं होतं तर दोन वर्षं का हो थांबलात, दिदिमणी?"

कली चटई गुंडाळायला लागली. मुलगी अजून चटईवरच बसलेली आहे हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

साहेब आले. बावीस मुली एका रांगेत स्प्लिटमध्ये खाली गेल्या. साहेब घडी केलेला पेपर घेऊन वाकत वाकत पुढे सरकले. पियासीपाशी पेपर अडला. "शाबास," साहेब म्हणाले. कली तेव्हा पाठ फिरवून समांतर बारचा एक घट्ट असलेलाच नट आणखी घट्ट करत होती.

संध्याकाळी चारला दारावर यादी लागली. सहा नावांत पियासी देबनाथ होती. शिउलीने कलीचे पाय धरले, प्रबीरने लांबूनच सलाम ठोकला. त्याची एकच मुलगी लागली होती.

गर्दी हटल्यावर कलीने चष्मा लावून यादीखालची टीप वाचली. खोट्या जन्मदाखल्यांबद्दल तक्रारी आल्यामुळे यंदा निवड फक्त नोंदणीच्या वेळी मोजलेल्या उंचीवर केली होती, सगळ्यांत बुटक्या सहा.